तांड्याची उभारणी : पोहरादेवी परिसरातील गोर-बंजारा समाज आणि त्याच्या वास्तू

पोहरादेवी हे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव गोर-बंजारा समाजाचे फार मोठे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर येथे असल्यामुळे समाजात या ठिकाणाला पोहरागड म्हणतात. बंजाऱ्यांची काशी असाही त्याचा उल्लेख होतो. मानोऱ्यापासून दिग्रस आणि पुसदपर्यंतच्या टेकड्यांवर बंजाऱ्यांचे तांडे पसरलेले आहेत आणि पोहरादेवीचे महत्त्व या तांड्यांवाचून समजत नाही. देवस्थान, रामनवमीची यात्रा, समाजाचा न्यायनिवाडा, आज उभे असलेले नंगारा संग्रहालय, या साऱ्यांच्या मुळाशी तांडा ही एकच संस्था आहे. तिला कोणा राजाने सनद देऊन स्थापले नाही, तिची कधी नोंदणी झाली नाही, तिचे नियम कागदावर नव्हते. तरीही या संस्थेने हजारो बैलांची वाहतूक पिढ्यानुपिढ्या सांभाळली. पुढे ती वाहतूक बुडाली तेव्हा त्याच माणसांच्या हातांनी तिने माळरानावर वस्त्या उभ्या केल्या. गवंडी नाही, सुतार नाही, मजुरीचा पैसा नाही, अशा स्थितीत एका कुळाच्या माणसांनी एकमेकांची घरे बांधली. वाशिमच्या डोंगराळ भागाच्या इतिहासातील हे मोठे काम आहे आणि त्याची नोंद आजवर फार थोडी झाली आहे.

कूळ, नायक आणि नसाब

राठोड, पवार, चव्हाण, जाधव आणि आडे ही वऱ्हाडातील गोर समाजाची ठळक कुळे. राठोडांना भुकिया, पवारांना झरपला आणि जाधवांना वडतिया ही गोरबोलीतील जुनी नावे आहेत. प्रत्येक कुळाच्या अनेक पोटशाखा पडतात. एका कुळातील सारे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. तांडा बहुधा एकाच कुळाच्या घरांचा किंवा एका कुळाचे प्राबल्य असलेला असे. त्यामुळे शेजारी आणि भाऊ यांत फरक उरत नसे, आणि शेजाऱ्याचे काम टाळणे म्हणजे भावाला टाळणे ठरे. तांड्याच्या सामूहिक श्रमाचा पाया या नात्यात आहे.

तांड्याचा प्रमुख नायक. हे पद बहुतेक ठिकाणी वडिलांकडून मुलाकडे येत असले, तरी तांड्याची मान्यता नसलेला नायक टिकत नसे. त्याच्या हाताशी कारभारी असे. निरोप धाडणे, माणसे जमवणे, ठरलेल्या गोष्टी घडवून आणणे ही कारभाऱ्याची कामे. वयाने आणि अनुभवाने जाणत्या माणसांना घेऊन नायकाच्या दारात बैठक बसे. तिला नसाब म्हणतात. भांडण, चोरी, सोयरिकीतला बिघाड, गुरांनी केलेले नुकसान, सारे तिथे मांडले जाई आणि दंड तिथेच ठरे. मुलामुलीचे लग्न ठरवताना दोन्ही बाजूंचे लोक जमून गूळ खात. ही गोळ खाण्याची रीतही नायकाच्या साक्षीने होत असे. कुठे मुक्काम करायचा, किती दिवस थांबायचे, कोणते घर कुठे येईल, हे निर्णय याच बैठकीतले.

तांड्याबरोबर काही जोडजमातीही राहत. ढाडी वंशावळी आणि पूर्वजांच्या कथा गात, ढालिया नंगारा वाजवत, सनार दागिने घडवत. नंगारा हा कातड्याने मढवलेला मोठा वाद्यप्रकार पूजेसाठी आणि नाचासाठी वाजे, तसाच तो माणसे बोलावण्यासाठीही वाजे. तांड्याच्या रचनेत या साऱ्यांना आपापली जागा होती. ती समान नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. जोडजमातींची घरे बहुधा कडेला असत आणि त्यांचे अधिकार मर्यादित असत.

लदेणीचा काळ

तांडा पूर्वी एका जागी नसे, तो चालत असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मालाची ने-आण करण्याच्या धंद्याला लदेणी म्हणत. समुद्रकाठचे मीठ आत न्यायचे, आतले धान्य आणि कापूस बाहेर आणायचा, लष्कराच्या मागे रसद पोहोचवायची, असा हा व्यवहार होता. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा वाटेत भेटला. बायका-मुले सोबत होती, असे तो सांगतो. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. रस्ता अरुंद असेल तर असा तांडा पुढे सरकेपर्यंत बाकीच्या प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे.

दक्षिणेत बंजाऱ्यांचा मोठा ओघ १६३० च्या सुमारास आला, असे समाजाची परंपरा सांगते. शाहजहानच्या मोहिमेत आसफखानाच्या सैन्याला रसद पुरवण्यासाठी भंगी आणि जंगी हे राठोड नायक १,८०,००० बैल आणि भगवानदास वडतिया हा ५२,००० बैल घेऊन आला, असे आकडे दिले जातात. वऱ्हाड पोलिसांत अधिकारी असलेल्या कंबरलेज यांनी १८६९ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १८८२ मध्ये पुन्हा छापलेल्या टिपणात हे आकडे आले आहेत. तिथून ते पुढच्या जवळजवळ सर्व लेखनात उतरले. भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांत कोरलेला ताम्रपट मिळाला होता, ही कथाही त्याच टिपणामुळे सर्वत्र पोहोचली. ताम्रपटाने दिलेल्या सवलतींपैकी दोन मोठ्या बोलक्या आहेत. वाटेतल्या गावातल्या घरांच्या रांजणांतले पाणी घेण्याची मुभा आणि छपरांवरचे गवत काढून बैलांना घालण्याची मुभा. चालत्या समाजाला घराचा उपयोग एवढाच होता. ज्यांनी दुसऱ्यांच्या छपरावरचे गवत चारा म्हणून काढले, त्यांच्याच वंशजांना अडीचशे वर्षांनी स्वतःची छपरे शाकारण्याची वेळ आली.

मुक्कामावर बांधकाम नव्हते, पण रचना होती. दिवसाची वाट संपली की बैलांवरच्या गोण्या उतरवून त्यांची थप्पी लावायची, तिचाच आडोसा करायचा, वर पाल ताणायचे, मध्ये विस्तव पेटवायचा आणि कुत्र्यांना बाहेर राखणीला ठेवायचे. पहाटे सगळे उलट क्रमाने. एवढा पसारा रोज मांडायचा आणि रोज उचलायचा, तर प्रत्येकाला आपले काम आणि आपली जागा पाठ असावी लागते. गोणी बैलाच्या दोन्ही बाजूंना समतोल बसवणे, घाटात ती घसरू नये अशी गाठ मारणे, ओले कातडे वाळल्यावर किती आवळते याचा अंदाज घेणे, हे ज्ञान लहानपणापासून हातात येई. पुढे घरे बांधताना ते कामी आले.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगड येथे लढाया दिल्या, तेव्हाही त्याच्या सैन्याचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून येत होते. निजाम, मराठे, मोगल, इंग्रज, कोणाचेही सैन्य असो, तांड्याला वाट देण्यात सर्वांचेच हित होते.

सेवालाल महाराज

संत सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात, गुत्तीजवळ झाला, असे मानले जाते. त्या ठिकाणाला सेवागड म्हणतात. वडील भीमा नायक, आई धर्मणी. घरी लदेणीचा मोठा व्यवहार. सेवालाल आजन्म ब्रह्मचारी राहिले आणि जगदंबेचे उपासक झाले. त्यांचा तोळाराम नावाचा घोडा आणि गराशा नावाचा बैल समाजाच्या कथा-गीतांत त्यांच्या इतकेच जिवंत आहेत. चोरी करू नये, खोटे बोलू नये, नशा करू नये, पाण्याची आणि झाडांची नासधूस करू नये, तांड्याने तांड्याला धरून राहावे, असे त्यांच्या शिकवणीचे सार सांगितले जाते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे बोल तोंडातोंडी चालत आले.

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसजवळ रुईगड येथे त्यांनी देह ठेवला आणि पोहरादेवी येथे त्यांची समाधी झाली, ही परंपरा समाजात सर्वत्र मान्य आहे. आंध्रात जन्मलेल्या, दख्खनभर फिरलेल्या या माणसाची अखेर वऱ्हाडात व्हावी, यात लदेणीच्या वाटांचा मोठा भाग आहे. दक्षिणेतून वऱ्हाडाकडे येणाऱ्या वाटा या डोंगरांतून जात, आणि अरुणावतीच्या खोऱ्यात गुरांना चारा-पाणी मिळे.

चाल थांबली

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वाशिम त्या वेळी बाशिम या नावाने ओळखले जाई आणि पुढे बाशिम हा स्वतंत्र जिल्हाही होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. इंग्रजी कारभाराने आधी सडका बांधल्या, मग रेल्वे आणली. भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. बैल आठवड्यानुआठवडे चालून जो कापूस नेत, तो आता दोन दिवसांत मुंबईला पोहोचू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे धावू लागली, तेव्हा आडवाटेवरची उरलीसुरली लदेणीही आटली.

धंदा गेला, त्याच सुमारास संशय मागे लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास बंजाऱ्यांच्या अनेक गटांभोवती आवळला गेला. फिरणारा माणूस म्हणजे गुन्हेगार, असे कायद्यानेच ठरवल्यावर फिरणे अवघड झाले आणि थांबणेही सोपे राहिले नाही. गावांना ही माणसे शेजारी नको होती आणि पोलिसांना ती एका जागी मोजता यायला हवी होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तोवर तीन पिढ्या त्याच्या छायेत वाढल्या होत्या. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

मानोरा, मंगरूळपीर आणि कारंजा भागातल्या टेकड्यांवर तांडे स्थिरावले ते या काळात. हाताशी गुरे होती, म्हणून गुरे पाळणे, दूध-तूप विकणे, बैलांचा व्यापार करणे ही पहिली उपजीविका झाली. जंगलातून मोळी, डिंक, मोहफुले आणून आठवडी बाजारात विकणे ही दुसरी. शेतमजुरी त्यानंतर आली आणि हळूहळू काहींना हलकी, मुरमाड जमीन मिळाली.

घराची बांधणी

तांड्याची जागा निवडताना नायक आणि जाणती माणसे तीन गोष्टी पाहत : नाला किंवा झरा जवळ हवा, गुरांना चरायला पडीक रान हवे आणि पावसाचे पाणी साचणार नाही असा उंचवटा हवा. काळी कसदार जमीन आधीच गावांच्या ताब्यात होती. मुरमाचा माळ कोणालाच नको होता, म्हणून तो मिळाला. जवळच्या गावच्या पाटलाशी बोलणे नायकाने करायचे. म्हणून आजही कितीतरी तांडे नायकाच्या नावानेच ओळखले जातात. गावापासून मैल-दोन मैल दूर, टेकडीच्या खांद्यावर, हे आजचे वाशिम-यवतमाळमधील तांड्यांचे सर्वसाधारण स्थान त्या निवडीतून आले आहे.

घर बांधायचा हंगाम चैत्र-वैशाख. रब्बीची कामे आटोपलेली, पऱ्हाटी उपटलेली, तुराट्या वाळलेल्या, गवत कापून ठेवलेले आणि पाऊस अजून दूर. ज्याचे घर बांधायचे त्याने नायकाला सांगायचे, कारभाऱ्याने घरोघरी निरोप द्यायचा आणि ठरल्या दिवशी प्रत्येक घरातून माणूस आला पाहिजे. कामाची मजुरी नव्हती. घरधन्याने जेवण घालायचे, आणि पुढे दुसऱ्याच्या घराला आपण जायचे. वऱ्हाडातील कुणब्यांच्या इर्जिकेशी या रीतीचे साम्य आहे. पण इर्जीक एका दिवसाची असते. तांड्याच्या बांधणीत हंगामभर एकामागून एक घरे उभी राहत.

घराचा जीव लाकडात होता. या डोंगरांत साग, ऐन, धावडा, तिवस, खैर, मोहा, पळस आणि बांबू मिळत. खांबाला साग सर्वांत चांगला. त्याला वाळवी लवकर लागत नाही आणि तो पावसात फुगत नाही. ज्या सागाला वरच्या टोकाला नैसर्गिक दुबेळके असेल, तो जंगलातच हेरून ठेवला जाई. असे दुबेळके खांब म्हणजे मेढी. मधल्या ओळीतल्या मेढी उंच, कडेच्या ठेंगण्या. खड्डे पहारीने खणायचे, कमरेइतके खोल. मेढ उभी करायची आणि भोवती मुरूम-दगड ठासून भरायचे. खांबाचे बूड आधी विस्तवावर काळे होईपर्यंत भाजले, तर ते मातीत जास्त टिकते, हे सर्वांना माहीत होते. मधल्या मेढींच्या बेळक्यांत लांब आढे बसवायचे. हा क्षण सर्वांत जड. आढ्याचे लाकूड ओले असते तेव्हा आठ-दहा माणसांनाही आवरत नाही. दोराने ओढणारे, खालून टेकू देणारे आणि वर चढून ते बेळक्यात बसवणारे असे तीन गट पडत. कोणी तरी एकाने आवाज द्यायचा आणि सर्वांनी एकदम जोर लावायचा.

आढे बसले की बाकीचे काम सुटसुटीत. आढ्यापासून कडेच्या पाट्यांवर वासे टाकायचे, त्यांवर आडव्या बांबूच्या कांब्या बांधायच्या. खिळा कुठेच नाही. बांधायला पळसाच्या मुळ्या कुटून काढलेला वाख किंवा अंबाडीची दोरी. इथे लदेणीच्या हातांचे कसब दिसे. जे हात घाटातून चालणाऱ्या बैलावर गोणी पक्की ठेवत, त्यांनी वाशावर कांबी बांधली तर ती वादळातही सुटत नसे. छप्पर दुपाखी. गवताच्या पेंढ्या खालून वर रचत न्यायच्या, म्हणजे वरची पेंढी खालचीवर येते आणि पाणी वळचणीकडे निघून जाते. आढ्यावरचा शेवटचा थर जाड घालून वरून काठ्यांनी दाबून बांधायचा. असे छप्पर दोन-तीन पावसाळे जाई. मग पुन्हा शाकारणे आलेच, आणि तेही सर्वांनी मिळून.

भिंती कुडाच्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या ओळीत लावून आडव्या बांबूंना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी मातीचा थर द्यायचा. हे लिंपणाचे काम बायकांचे. माती कोणत्या नाल्याची घ्यायची, तिच्यात गव्हांड्याचा भुसा किती मिसळायचा, शेण किती दिवस कुजू द्यायचे, याचा निर्णय त्यांच्याकडे असे. पहिला थर वाळून तडकला की त्या भेगांवरच दुसरा बारीक थर द्यायचा, मग शेवटी शेणाचे सारवण. भिंत बांधणाऱ्या पुरुषांच्या कामाविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. तिला उभे ठेवणाऱ्या या लिंपणाविषयी जवळजवळ काही नाही, आणि वास्तविक कुडाच्या घराचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. लिंपण उघडे पडले की पहिल्याच पावसात तुराट्या सडतात.

घरात एकच खोली, दाराशी ताटी, बाहेर ओटा, बाजूला गुरांचा मांडव. माळ्यावर धान्य आणि चारा. कोपऱ्यात लदेणीच्या काळातल्या, कवड्या आणि आरशांनी सजवलेल्या पिशव्या. त्या घरातल्या स्त्रियांनी भरलेल्या असत आणि अनेक घरांत तो पूर्वजांच्या धंद्याचा एकमेव अवशेष उरे.

घरे ओळीने येत. नायकाचे घर मध्यभागी किंवा पुढे, त्यासमोर मोकळी जागा. ही मोकळी जागा कोणाच्याही मालकीची नव्हती आणि ती कधी बांधून काढली जात नसे. नसाब तिथेच बसे, होळीला लेंगी तिथेच गायल्या जात. श्रावणातल्या तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरत, त्या टोपल्यांसाठी नायकाच्या दारापुढे उंच माळा घातला जाई. जवळच सेवालाल महाराज आणि जगदंबेचे ठाणे, त्यावर पांढरे निशाण. दगड-मातीचा ओटा, वर गवताचे छप्पर, एवढेच ते मंदिर. त्याच्या उभारणीत प्रत्येक घराने एक खांब, एक वासा किंवा एक दिवस दिलेला असे. तांड्यातील पहिली सार्वजनिक वास्तू हीच.

लाकूड दुर्मीळ झाले

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील जंगले राखीव ठरवण्यास सुरुवात झाली. १९२७ च्या वन कायद्याने लाकूडतोडीवरचे निर्बंध आणखी पक्के केले. साग तोडणे गुन्हा ठरला. आधीच गुन्हेगार ठरवलेल्या समाजाला हा दुहेरी जाच होता. घरासाठी मेढ आणायची तर परवाना, नाही तर दंड. परिणामी जुन्या घराच्या मेढी आणि आढे नव्या घरात पुन्हा वापरले जाऊ लागले. काही तांड्यांत तीन पिढ्यांचे सागाचे खांब एका घरातून दुसऱ्या घरात फिरले. गवतावर पुढे कवेलू आले, कवेलूंवर टिन. भिंतींना तुराट्यांऐवजी दगड-माती, मग विटा. टिनाचे छप्पर शाकारावे लागत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी तांड्याने एकत्र येण्याचे कारणही उरले नाही. सामूहिक श्रम ओसरले, त्याची सुरुवात इथे झाली.

या समाजाचा इतिहास त्याच्याच माणसाने लिहावा, हा प्रयत्न याच काळातला. बळीराम हिरामण पाटील यांचा गोर-बंजारा लोकांच्या इतिहासावरचा मराठी ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर बंजाऱ्यांविषयी जे छापले गेले, ते बहुतांशी पोलीस आणि महसूल खात्यातील अधिकाऱ्यांनी लिहिलेले होते.

नवी वास्तू, नवे बांधकाम

पुसदजवळच्या गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्यात वाढलेला माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर अकरा वर्षांहून अधिक काळ राहिला, याने पोहरादेवी परिसरातील समाजाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, तेव्हा या भागातील तांड्यांनी पाझर तलाव, नाला बांध आणि रस्ते यांवर खडी फोडली, माती वाहिली. तांड्याचे श्रम पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर सरकारी हजेरीपटावर आले.

पुढे घरकुल योजना आल्या. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि त्यावर घर देण्याची तरतूद झाली. वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजनेतून तांड्यांना रस्ते, पाणी, वीज आणि समाजमंदिरे मिळू लागली. समाजमंदिर म्हणजे विटा-सिमेंटची एक मोठी खोली, पुढे ओसरी. पूर्वी नायकाच्या दारातल्या मोकळ्या जागेत जे चाले, त्याला आता छत मिळाले. पण ती वास्तू कंत्राटदाराने बांधली. तांड्याने पाहिले, तांड्याने बांधले नाही. ज्या तांड्यांनी अशा कामात स्वतःची वर्गणी आणि श्रम घातले, तिथे वास्तू अधिक वापरात राहिली, हे ग्रामीण भागात सहज आढळते, आणि योजना आखणाऱ्यांनी त्याची दखल घ्यायला हवी.

हाताने घर बांधण्याची विद्या मात्र संपली नाही. वाशिम आणि यवतमाळमधील अनेक तांड्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर पोहोचली की पहिल्याच दिवशी आपली कोपी उभी करतात. बांबू कमानीसारखे वाकवून रोवायचे, वर चटई, उसाचे पाचट आणि ताडपत्री टाकायची. एकाच तांड्याच्या कोप्या शेजारी-शेजारी असतात, एकमेकांच्या उभ्या केल्या जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मोडून टाकल्या जातात. त्या काळात तांड्यात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले राहतात. लदेणीच्या पालांनंतर शंभर-दीडशे वर्षांनी समाजाचा मोठा भाग वर्षातले पाच-सहा महिने पुन्हा तात्पुरत्या आडोशाखाली काढतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही गौरवग्रंथात झाकली जाऊ नये.

पोहरागडाचा विस्तार

पोहरादेवी येथील समाधीस्थान सुरुवातीला लहान होते. रामनवमीच्या यात्रेला वऱ्हाड, मराठवाडा, तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून तांडे येऊ लागले, तसे ते वाढत गेले. यात्रेला येताना माणसे एकटी येत नाहीत, तांडा येतो. पूर्वी बैलगाड्या, नंतर ट्रक आणि ट्रॅक्टर. प्रत्येक तांडा आपापली जागा धरतो, चूल मांडतो, भोग लावतो, अरदास करतो. देवस्थानासाठी घरटी वर्गणी नायकामार्फत गोळा करण्याची रीत अजूनही अनेक तांड्यांत आहे. लगतच्या उमरी येथे जेतालाल महाराज आणि सामकी मातेची स्थाने आहेत आणि पोहरादेवीला आलेला यात्रेकरू उमरीचे दर्शन घेऊनच परततो.

पोहरादेवीच्या धर्मपीठाची धुरा अनेक दशके रामराव महाराजांकडे होती. देशभरातील तांड्यांत फिरून त्यांनी व्यसनमुक्ती आणि शिक्षणाचा आग्रह धरला. भाषा आणि राज्यांच्या सीमांनी विखुरलेल्या समाजाला पोहरादेवीशी जोडून ठेवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. आंध्र-तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती अशा तीन वेगवेगळ्या याद्यांत विभागलेला हा समाज रामनवमीला एका जागी येतो, तो या पीठामुळे. ३० ऑक्टोबर २०२० रोजी रामराव महाराजांचे निधन झाले आणि पोहरादेवी येथेच त्यांची समाधी झाली.

नंगारा

समाजाच्या वारशाचे संग्रहालय पोहरादेवीत व्हावे, ही कल्पना २०१८ मध्ये प्रत्यक्षात येऊ लागली. त्या वर्षाच्या डिसेंबरात भूमिपूजन झाले. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे सेवालाल महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे आणि सेवाध्वजाचे लोकार्पण झाले. बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. इमारत चार मजली असून तिला नंगाऱ्याचा आकार दिला आहे. आत १३ दालने आहेत. त्यांत समाजाचे नेते, चळवळी, लदेणी, वेशभूषा आणि चालीरीती मांडल्या आहेत.

इमारतीचा नंगाऱ्याचा आकार योग्य आहे, कारण माणसे जमवणारे वाद्य हेच होते. संग्रहालयाच्या पुढच्या कामात तांड्याच्या बांधणीला स्वतंत्र जागा मिळणे आवश्यक आहे. दुबेळक्या मेढी, वाखाच्या गाठी, कुडाचे लिंपण यांची माहिती असलेली पिढी आता सत्तरी ओलांडलेली आहे. मानोरा आणि मंगरूळपीर तालुक्यांतील तांड्यांत सागाच्या मेढींवर उभी असलेली काही घरे अजून शिल्लक आहेत. त्यांची मोजमापे घेऊन आराखडे काढणे, बांधणारांची आणि लिंपणाऱ्या स्त्रियांची माहिती गोरबोलीतच ध्वनिमुद्रित करणे आणि एक पूर्ण घर जुन्या पद्धतीने तांड्याच्या हातांनी संग्रहालयाच्या आवारात बांधून घेणे, ही कामे येत्या काही वर्षांत झाली तरच होतील.